करंगळी कोरी ठेवा

आमच्या पंचवटीच्या बाजूला कुणा बाईचे ऑपरेशन ठरले की ती एकदा तरी आमच्या मळ्यात येऊन जाते. निमित्त फुलांचे असते. देवाला वेणी हवी म्हणते, बांधावर टेकते, माझ्या लेकीच्या, कुसुमच्या अभ्यासाची चौकशी करते, आणि मग पदराचे टोक चाळवत हळूच विचारते, "सगुणाबाई, ते गुंगीचं कसं असतं हो?"

सुरीचे कुणी विचारत नाही. पोट फाडणार हे माणूस कसेबसे गिळते. पण आपण मेल्यासारखे पडून राहणार आणि आपला श्वास परक्या माणसाच्या हाती असणार, हे काही घशाखाली उतरत नाही. माझ्याही उतरले नव्हते. दर वेळी तेच सांगून तोंड दुखते आणि खुरपणी राहून जाते, म्हणून एकदाचे लिहून ठेवते. मी मराठी चौथी झालेली आहे. चुका निघाल्या तर दोष आमच्या मास्तरांचा.

डोहाळे नव्हते

कुसुम हार गुंफण्याइतकी मोठी झाली तरी तिच्या पाठीवर काही नव्हते. अशात माझे पोट वाढू लागले. सगळ्यांत जास्त आनंद झाला तो माझ्या सासूबाईंना. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांनी कुणाला न सांगता हिरवा चुडा आणून ठेवला, आणि सगळ्यांना सांगून कैरीचे लोणचे माझ्या ताटात जास्त वाढू लागल्या. मीही खूश होते. आंबट मला आवडत नाही, तरी खात होते.

पण हे काही वेगळेच होते. आडवी झाले की छातीवर कुणी धान्याचे पोते ठेवल्यासारखे होई. मी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायला शिकले. सुईणीने पोट चाचपले, हात धुतले आणि म्हणाली, "दवाखान्यात न्या."

दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी तपासले आणि माझ्या डोक्यावरून माझ्या यजमानांना सांगितले, "मूल नाही. गाठ आहे. वर छातीला दाबते आहे. काढावी लागेल, आणि लवकर. नाहीतर हिला श्वास पुरायचा नाही."

आत्याबाई पुढे झाल्या. "नीट बघा की साहेब. आमच्यात काही काही पोरं लय उशिरा हालतात."

डॉक्टरांनी मान हलवली. येताना टांग्यात मी रडले. जे मूल कधी नव्हतेच त्याच्यासाठी रडले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. टांगा पुलावर आला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "पूस डोळं. हायती ती माणसं आधी जगवू." आणि घरी गेल्यावर लोणच्याची बरणी फळीवर मागे सारून ठेवली.

भरल्या हाताने

आमच्यात एक रीत आहे. सवाष्ण बाई अशा ठिकाणी निघाली की जिथून परत येण्याचा भरवसा नाही, तर तिला नटवून पाठवतात. कशासाठी ते कुणी तोंडाने बोलत नाही. शकुनासाठी म्हणतात. पण न जाणो, गेलीच, तर सवाष्णीसारखी भरल्या हाताने, भरल्या कपाळाने जावी, हे सगळ्यांना ठाऊक असते. मलाही ठाऊक होते.

आमच्या मळ्याला मेंदीचेच कुंपण आहे. आत्याबाईंनी पाला ओरबाडला आणि पाट्यावर वाटायला बसल्या. त्या विधवा आहेत, त्यांच्या स्वतःच्या हाताला मेंदी नाही. वाटताना त्यांचा हात थांबत थांबत चालला होता. शेजारच्या बायकांनी माझी दहाही बोटे पेरापर्यंत मेंदीत बुडवली. एकदा रंगली, मग रंग गडद यावा म्हणून परत बुडवली. नखे सुकल्या रक्तासारखी दिसू लागली. सगळ्या म्हणाल्या, छान चढली. आणि सगळ्या दुसरीकडे बघत होत्या.

ऑपरेशनच्या सकाळी ओटी भरली. डोहाळ्यांसाठी आणलेला हिरवा चुडा हातात चढला. नथ, कुड्या, बुगड्या, मळवट भरावा तसे कुंकू. मिशेरी तर मी लग्नाआधीपासून दातांना लावते, ती त्या दिवशी दोन बोटे जास्तच लावली, मनाला आधार म्हणून. पोटात काही घालायचे नाही अशी दवाखान्याची ताकीद होती. तरी निघताना शेजारणीने तोंडात विडा कोंबला.

"अहो, काय खायचं नाय म्हणालेत," मी म्हटले.

"इडा म्हंजी काय खाणं हाय व्हय?" आत्याबाई म्हणाल्या. "तोंड रंगलेलं असावं."

टेबलावरून परत

गुंगी देणारे काझी डॉक्टर जुन्या नाशकातले. अंगाने बारीक, दाढी पांढरी, आवाज कमी. दवाखान्यात ते ऑपरेशनच्या दिवशीच येत आणि गुंगीचेच काम बघत. त्यांनी माझा हात हातात घेतला. मला वाटले नाडी बघतात. त्यांनी बोटे खिडकीच्या उजेडाकडे वळवली आणि नखांकडे बघत राहिले. मग ओठ बघितले. मग तोंड उघडायला सांगितले.

"बाई," ते म्हणाले, "नखं मेंदीनं रंगवलीत, ओठ विड्यानं, हिरड्या मिशेरीनं. कानाची पाळी म्हणावी तर दागिन्यांनी झाकलीय. मी रंग बघू कुठं?"

मला राग आला. "माझा रंग काय बघायचाय? काळीसावळी हाय, ठाव हाय मला."

ते हसले नाहीत. स्टूल ओढून बसले. "कातडीचा नाही, रक्ताचा रंग. गुंगी चढताना जीभ मागं पडते, श्वास अडू शकतो. आत प्राणवायू कमी पडला की रक्त काळपट होतं. ते पहिल्यांदा दिसतं नखात नि ओठात. जांभळी छटा आली रे आली की मी समजतो आणि वाट मोकळी करतो. पुढं सुरी लागली की मोठ्या डॉक्टरांना जखमेतलं रक्त दिसतंच. पण त्याच्या आधीचा जो टप्पा, तो माझ्या एकट्याच्या डोळ्यांवर. तुम्ही माझे डोळेच बांधलेत."

"पायाची नखं बघा की," मी म्हटले. पायांना मेंदी नव्हती.

"पाय चादरीखाली आणि माझ्यापासून लांब. तिथं कळेपर्यंत उशीर होतो. आणि विडा खाल्लात तो वेगळाच. उलटी होऊन घशात आली तर?"

मोठे डॉक्टर हात धुऊन तयार होते. त्यांना हे रुचले नाही. काझी डॉक्टर एवढेच म्हणाले, "आज मी गुंगीची बाटली उघडत नाही." आणि मला दवाखान्यातल्या खाटेवर पाठवले.

आमची भांडणे

टेबलावरून परत येणे आमच्या घरात कुणी ऐकलेले नव्हते. आत्याबाईंच्या लेखी ते बोहल्यावरून परत आल्यासारखे. त्या कपाळाला हात लावून बसल्या. माझे यजमान एरवी मुंगीला बाजूला सारून पाऊल टाकणारे, ते त्या दिवशी आईवर ओरडले.

"तुझ्या मेंदीनं केलं हे."

"माझ्या मेंदीनं? मी काय वाईट चिंतलं का तिचं?"

"चांगलं तरी कुठं चिंतलं? मरायचीच तयारी केली तू."

हे बोलून ते स्वतःच घाबरले. जे कुणी बोलत नाही ते त्यांच्या तोंडून गेले होते. आत्याबाईंनी डब्यातली भाकरी तशीच ठेवली. शेजारच्या खाटेवर कळवणकडची एक म्हातारी होती, तिनेसुद्धा कूस बदलून पाठ केली.

मग यजमान माझ्याजवळ येऊन म्हणाले, "चल घरी. कळवणकडं एकजण झाडपाला देतो म्हणं."

मी तीन उशांना टेकून बसले होते आणि एक वाक्य बोलायला दोनदा दम घेत होते. घरी जायचा मोह झाला, खोटे कशाला बोलू. घरी निदान मरण ओळखीचे असते. कुसुमचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि मी काहीच बोलले नाही. त्यांना वाटले मी ऐकले. त्यांनी वळकटी बांधायला घेतली.

दोरा

दिवेलागणीच्या आधी काझी डॉक्टर खाटेपाशी आले. आत्याबाई फुलांची टोपली घेऊन आल्या होत्या. त्यांचे हात रिकामे राहत नाहीत, रागात तर मुळीच नाही. खाटेच्या पायथ्याशी बसून त्या शेवंतीचा हार गुंफत होत्या.

"मावशी, जरा दोरा द्या," डॉक्टर म्हणाले. "आणि बोटही द्या."

त्यांनी आत्याबाईंच्या करंगळीला दोऱ्याचे वेढे घातले. आम्ही सगळे त्या बोटाकडे बघू लागलो. टोक आधी लाल झाले, मग गडद झाले, आणि नखाखाली जांभळट छटा आली.

"काय दिसतंय?"

"निळं पडलं," आत्याबाई म्हणाल्या.

"इथं दोऱ्यानं रक्त अडलं. हिच्यात श्वास अडेल. कारण वेगळं, पण रंग असाच पालटतो. आता सांगा, तुमच्या नखावर मेंदी असती तर?"

आत्याबाईंनी माझ्या हाताकडे बघितले. बराच वेळ बघितले. डॉक्टरांनी दोरा सोडला आणि बोटात गुलाबी रंग परत आला.

"माझं काम एवढंच आहे," ते म्हणाले. "हा रंग यायच्या आत पकडायचा. आणि मुळात येऊच नये म्हणून आधीपासून तजवीज करायची."

तजवीज काय ते त्यांनी यजमानांना समजावले. मुंबईहून आगगाडीने प्राणवायूचे लोखंडी नळकांडे मागवून ठेवलेले होते. गुंगीचा पहिला थेंब पडायच्या आधी मी त्याच्या नळीतून छातीभर श्वास घ्यायचा. "लांब गाडी न्यायची असली की बैलांना आधी पाणी पाजता ना? मग वाटेत थोडा वेळ पाणी मिळालं नाही तरी निभतं. तसंच." हे मात्र यजमानांना लगेच पटले. बैल म्हटले की त्यांना सगळे पटते.

"आणि मला आडवी करणार?" मी विचारले. खरी भीती ही होती. इतके दिवस ती मी कुणाला सांगितली नव्हती.

"नाही. उशांना टेकून बसल्या बसल्या झोपाल. गुंगी पुरती चढली, श्वास मोकळा चालतोय हे बघितलं, की मग हळूहळू खाली घेऊ. श्वास मीच बघत असेन, दुसरं काही बघणार नाही."

मी यजमानांना म्हटले, "वळकटी सोडा. मी घरी येत नाय."

ते माझ्या कानातल्या बुगड्यांकडे बघत म्हणाले, "मग हे सगळं उतरवायचं?"

"शिर सलामत तर पगडी पचास," डॉक्टर म्हणाले. यजमानांनी उगाच आपल्या पागोट्याला हात लावला.

नराणी

मेंदी कातडीवरून जाते, नखातून जात नाही. लिंबू झाले, राख झाली, वाळू झाली. दुसऱ्या सकाळी आत्याबाई रामकुंडावरच्या एका न्हाव्याकडून त्याची नराणी मागून घेऊन आल्या. त्याला वाटले म्हातारी नखे काढणार. त्यांनी माझे दोन्ही हात मांडीवर घेतले आणि दोन्ही करंगळ्यांची नखे वरून खरवडायला लागल्या, हलके हलके, जुन्या पितळेवरची पुटे काढावीत तशी. झोंबत होते. मी हात ओढला की त्या म्हणत, "सोस जरा." पुसायच्या, उजेडात धरायच्या, पुन्हा खरवडायच्या. शेवटी खालचा गुलाबी रंग दिसला.

त्यांनी नखावर अंगठा दाबला, सोडला. पांढरे झाले, परत गुलाबी झाले. दुसऱ्या करंगळीवर तसेच केले. मग म्हणाल्या, "आपल्याला काय ठाव होतं, सगुणे. आपण आपलं जायाची तयारी केली. यायाची वाट बी ठिवाया लागती." आणि माझ्या मांडीवर डोके ठेवून रडल्या. मी त्यांच्या डोक्यावर हात फिरवला. सासूच्या डोक्यावर हात फिरवायची वेळ सुनेवर क्वचित येते. मला बरे वाटले.

पुढच्या ऑपरेशनच्या वारापर्यंत मिशेरी बंद केली, त्याचा त्रास मात्र ऑपरेशनपेक्षा जास्त झाला. डोके असे चढले की कळवणच्या म्हातारीने आपल्या डबीतली चिमूटभर देऊ केली. आत्याबाईंनी डबीच उचलून नेली. म्हातारी माझ्याशी नंतर जाईपर्यंत बोलली नाही.

काझी डॉक्टर मुद्दाम येऊन तोंडावर धरायची जाळीही दाखवून गेले. तारेची चौकट, वर फडके, त्यावर गुंगीचे थेंब टाकायचे. चहाची गाळणीच ती. ती रिकामीच नाकावर धरून मी श्वास घ्यायचा सराव केला. ज्या वस्तूच्या नावाने धडकी भरत होती ती हातात घेऊन बघितली की निम्मी भीती उतरते.

फुलांची नावे

दुसऱ्यांदा टेबलावर गेले ती कोरे ओठ, मोकळे कान घेऊन. चुडा तेवढा आत्याबाईंच्या हट्टाखातर फडक्याच्या पट्टीने बांधून ठेवू दिला. मंगळसूत्राला कुणी हात लावला नाही.

उशा रचल्या होत्या. सिस्टरने माझा डावा हात धरून करंगळी डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे येईल अशी ठेवली. प्राणवायूची नळी तोंडाशी आली. त्याला कसलाही वास नाही. "सावकाश, खोल," डॉक्टर म्हणाले. कितीतरी आठवड्यांनी छाती भरल्यासारखी वाटली. मी म्हटले, "हेच देत राहा की." ते म्हणाले, "हेही चालू राहील. आता मळ्यातल्या फुलांची नावं सांगा."

जाळी आली. पिकून गळलेल्या पेरूसारखा गोडसर वास. झेंडू म्हटले. शेवंती. गुलाब. गुलछडी. कानात पाटाचे पाणी सोडल्यासारखा आवाज येऊ लागला. अबोली म्हणायची होती, ती म्हटली की नाही ते आठवत नाही. बायका मला विचारतात तो सगळा प्रकार एवढाच. घाबरायलासुद्धा वेळ मिळत नाही.

पुढचे मला सिस्टरने नंतर सांगितले. अबोलीच्या सुमाराला माझा श्वास घोरल्यासारखा झाला आणि मग अडकला. करंगळीच्या नखात सावली आली. बाकीची नऊ... चुकले, आठ नखे होती तशीच गडद लाल. सिस्टरने तोंड उघडायच्या आत काझी डॉक्टरांनी जाळी बाजूला केली, माझी हनुवटी दोन्ही हातांनी पुढे उचलली, आणि नळीतून प्राणवायू जोरात सोडायला सांगितला. जीभ मागे पडली होती. वाट मोकळी झाली, श्वास आला. ते नखाकडे बघत राहिले. मोठ्या डॉक्टरांनी विचारले, "सुरी घेऊ का?" ते म्हणाले, "थांबा." गुलाबी रंग पुरता परत आला, टिकला, तेव्हा म्हणाले, "घ्या आता."

"ते नख झाकलेलं असतं तर?" मी सिस्टरला विचारले.

ती म्हणाली, "त्यांनी उघडं करून घेतलं ना?" आणि माझी उशी नीट करून गेली.

परत

जागी झाले तेव्हा घसा कोरडा होता आणि पोटात आग होती. पाणी देत नव्हते, ओठांवर ओला कापूस फिरवत होते. त्या कापसाची चव मी विसरणार नाही. उलट्या झाल्या, त्याही सांगून ठेवते, म्हणजे झाल्या तर घाबरू नका. गाठ कलिंगडाएवढी होती म्हणे. यजमानांना दाखवली आणि ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. आत्याबाई मात्र खाटेजवळून हलल्या नाहीत. माझी करंगळी मुठीत धरून बसल्या होत्या आणि थोड्या थोड्या वेळाने मूठ उघडून नख बघत होत्या.

पहिल्यांदा सपाट झोपले ती दुपार मला सणासारखी वाटते. कुसुम आली होती. ती म्हणाली, "आई, तू आडवी झालीस." पुष्कळ दिवस तिने मला बसलेलीच पाहिले होते.

तर बायांनो, विचारायला येता म्हणून सांगते. गुंगी देणारा माणूस आधी भेटतो का ते बघा, आणि भेटला तर जे काय भय वाटते ते त्याला सांगा. आडवे होता येत नाही, रात्री दम लागतो, दात हलतो, सगळे सांगा, लाजू नका. उपाशी या म्हटले की उपाशीच जा, विडासुद्धा नको. आणि नटून जायचे असेल तर खुशाल नटा, मी रीतीच्या आड येत नाही. पण त्याच्या डोळ्यांना बघायला जागा ठेवा.

मेंदी नखातून लवकर जात नाही. मुळाशी कोरे नख उगवत गेले, लाल भाग पुढे सरकत गेला आणि एक दिवस कापून टाकला. तोवर मी पाटाला दारे धरू लागले होते. नागपंचमी आली. कुंपण पुन्हा दाट झाले होते. आत्याबाई पाट्यावर बसल्या, आणि या वेळी त्यांचा हात थांबत नव्हता. शेजारच्या बायका जमल्या, माझे हात पुढे ओढले, बोटे बुडवायला घेतली.

"थांबा गं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी माझी करंगळी ओल्या मेंदीतून वर काढली आणि पदराने पुसून स्वच्छ केली. "ही कोरी ऱ्हाऊ द्या. हिच्यातनं माझी सून परत आली."

कुसुमने दोन्ही हात बुडवले होते. तिनेही आपली करंगळी बाहेर काढली आणि आजीपुढे धरली.